उद्योगनौकेचे कर्णधार : शेठ वालचंद हिराचंद

सोलापूर नगरीच्या जैन समाजाने महाराष्ट्राला जी कर्तबगार माणसे दिली, त्यांत शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांच्या भारतीय कारखानदारीशी एकाच गृहस्थाचे नाव निगडित असावे, ही गोष्ट आपल्या औद्योगिक इतिहासात विरळच. त्यांनी काय काय उभारले याची यादी समाजातील बहुतेकांना पाठ आहे. परंतु जे उभारले ते मोडकळीस येण्याची वेळ आली, मालकी बदलली, भागीदार बदलले, सरकारची मर्जी फिरली, अशा प्रत्येक वळणावर त्यांनी आपल्या कंपन्यांना कसे वळवून नेले, हा त्यांच्या चरित्राचा भाग अधिक बोधप्रद असूनही त्या मानाने कमी सांगितला जातो.

दिनांक 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे त्यांचा जन्म झाला. घराणे गुजरातेतून दक्षिणेत येऊन स्थिरावलेले, दिगंबर जैन हुमड. सराफी आणि कापसाचा व्यापार हा कुळाचा धंदा. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे केवळ व्यापारी नव्हते. धर्मशिक्षण व समाजसुधारणा यांसाठी झटणारे, सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मासिक चालविणारे ते विचारवंत गृहस्थ होते. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातोश्रींचे छत्र हरपले. शिक्षणासाठी त्यांना मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात धाडण्यात आले, पण पदवीपर्यंत मजल गेली नाही. घरी परतून पेढीवर बसावे, व्याजबट्टा पाहावा, हे ठरलेले आयुष्य त्यांच्यापुढे होते. त्यात त्यांचे मन रमले नाही.

त्याच सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक या गृहस्थांशी त्यांचा परिचय झाला. फाटक हे रेल्वेच्या नोकरीतून बाहेर पडून ठेकेदारीकडे वळलेले. कामाची माहिती त्यांच्याजवळ होती, भांडवल नव्हते. वालचंदांकडे घरचे भांडवल आणि पत होती, कामाचा अनुभव नव्हता. बार्शी लाईट रेल्वेच्या अरुंद रुळांच्या विस्ताराचे एक लहानसे काम दोघांनी मिळून घेतले आणि फाटक-वालचंद ही भागीदारी जन्मास आली. सावकाराच्या मुलाने मातीकामाच्या टोपल्या मोजाव्यात, हे पेढीच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही असे वाटणारे आप्त तेव्हा होतेच. वडिलांनी मात्र विरोध केला नाही. या पित्याचे मोठेपण चरित्रकारांनी पुरेसे नोंदविलेले नाही, असे म्हणावेसे वाटते.

ठेकेदारीचा धंदा पहिल्या महायुद्धाच्या काळात भराभर वाढला. लष्करी इमारती, रेल्वेची कामे, एकामागून एक येत गेली. भागीदारीच्या जुन्या चौकटीत ही कामे मावेनात. मोठा ठेका घ्यायचा तर मोठी अनामत हवी, यंत्रे हवीत, परदेशी इंजिनिअर हवेत. येथे वालचंदांपुढे पहिला खरा प्रश्न उभा राहिला : स्वतःच्या नावाची पाटी सांभाळून लहान राहावयाचे, की पाटी उतरवून मोठ्या संस्थेत मिसळावयाचे? 1920 मध्ये टाटांच्या पुढाकाराने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि फाटक-वालचंदचा व्यवसाय तिच्यात विलीन झाला. नाव टाटांचे, पण कामाचा गाडा हाकणारे वालचंद, अशी ही रचना होती. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगद्यांचे काम याच काळातले. पुढे टाटांनी त्या धंद्यातून अंग काढून घेतले तेव्हा कंपनी वालचंदांच्या हाती आली व तिचे नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन असे झाले. स्वतःचे नाव पाटीवर नसण्याची खंत त्यांना कधी वाटली असे दिसत नाही. 1926 मध्ये स्थापन झालेली, पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन या नावाने प्रसिद्धी पावलेली कंपनी, आणि त्याच वर्षी निघालेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी, या दोहोंच्याही नावात वालचंद नाही.

पण त्यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी जमिनीवर लागली नाही, समुद्रावर लागली.

1919 साली दिल्लीहून मुंबईस येताना आगगाडीत एका इंग्रज सहप्रवाशाकडून त्यांना कळले की, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस निघाले आहे. युद्धकाळात रुग्णालयाचे काम केलेले, मूळचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाचे हे जुने जहाज. वालचंदांना जहाजाच्या धंद्याची काडीमात्र माहिती नव्हती. तरीही मुंबईत उतरताच त्यांनी ते पाहिले, शेठ नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व सर लल्लूभाई सामळदास यांना सहभागी करून घेतले आणि 27 मार्च 1919 रोजी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. दिनांक 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबई बंदरातून लंडनसाठी नांगर उचलला. स्वतंत्र भारतात 1964 पासून 5 एप्रिल हा राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रस्थानाच्या स्मरणार्थ.

येथवरची कथा गौरवाची. त्यानंतरची चार वर्षे मात्र कंपनी जगते की बुडते अशी होती. युद्धानंतर जहाजांच्या किमती गगनाला भिडल्या होत्या. त्या किमतींना सिंधियाने जहाजे घेतली आणि लगेच जगभर भाड्याचे दर कोसळले. ‘लॉयल्टी’ लांबच्या प्रवाशी वाहतुकीत परवडेना. 1923 मध्ये ती भंगारात निघाली. कंपनीने ब्रह्मदेश व भारताच्या किनाऱ्यावरील मालवाहतुकीकडे मोहरा वळविला, तर तेथे लॉर्ड इंचकेप यांची बलाढ्य ब्रिटिश इंडिया कंपनी पाय रोवून बसलेली. ब्रिटिश कंपन्यांचे शस्त्र दुहेरी असे. एकीकडे भाडे इतके उतरवावयाचे की नव्या कंपनीला कोळशाचाही खर्च निघू नये. दुसरीकडे व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातील काही हिस्सा परत देण्याचे कबूल करून तो काही महिने आपल्याकडेच अडकवून ठेवावयाचा. दरम्यान त्या व्यापाऱ्याने एखादे पोतेही दुसऱ्या जहाजाने पाठविले तर ती सारी रक्कम बुडाली. त्यामुळे मनात देशप्रेम असलेला व्यापारीसुद्धा सिंधियाच्या धक्क्याकडे फिरकण्यास कचरत असे. तुतिकोरिनचे चिदंबरम पिळ्ळै यांनी 1906 मध्ये काढलेली स्वदेशी जहाज कंपनी अशाच स्पर्धेत नामशेष झाली होती. त्या उदाहरणाची आठवण भागधारकांना पदोपदी होत असणार.

याच सुमारास सिंधिया विकत घेण्याची तयारी इंचकेप यांच्या बाजूने दर्शविण्यात आली. अडचणीत आलेल्या भागधारकांना तो मोह पडण्यासारखा होता, आणि त्यांना दोष देता येत नाही. लाभांशाची आशा लांबणीवर पडली होती, भाग घेताना पुंजी गुंतविणारे अनेकजण मध्यमवर्गीय होते. नरोत्तमशेठ आणि वालचंद यांनी विक्रीस नकार दिला. परंतु नकार देऊन लढत राहावे इतके बळही तिजोरीत नव्हते. अखेर 1923 मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंधियाने किनारपट्टीवर केवळ माल वाहावा, प्रवासी घेऊ नयेत, जहाजांचे एकूण टनेज ठरलेल्या मर्यादेबाहेर नेऊ नये, आणि त्या बदल्यात दरयुद्ध थांबावे, असे त्याचे स्वरूप होते.

या करारावर त्या काळी पुष्कळ टीका झाली. राष्ट्रीय कंपनीने ब्रिटिशांपुढे मान तुकविली, असे म्हणणारे होते. वालचंदांना स्वतःलाही त्या अटी झोंबत होत्या. तथापि आज शंभर वर्षांनी पाहता तो निर्णय शहाणपणाचा होता, असेच म्हणावे लागते. जी कंपनी मेलीच, तिला पुढे कोणती अट झुगारता येणार? त्या दहा वर्षांत सिंधियाने जुनी जहाजे बदलली, भारतीय खलाशी व अधिकारी तयार केले, बंदरोबंदरी आपली माणसे बसविली. दुसऱ्या बाजूने लढाई दरबारात नेली. किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी केंद्रीय विधिमंडळात साराभाई हाजी यांच्या विधेयकाच्या रूपाने 1928 मध्ये आली, तिच्यामागे सिंधियाचेच बळ होते. विधेयक कायद्यात उतरले नाही. भारतीय मुलांना नाविक शिक्षण देणारी ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका मात्र 1927 मध्ये सुरू झाली, आणि पुढील पिढीचे कप्तान तिच्यावर घडले.

1929 मध्ये शेठ नरोत्तम मोरारजी यांचे निधन झाले व सिंधियाचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले. संस्थापक जाताच भागीदारांत फाटाफूट होऊन कंपनी दुभंगल्याची उदाहरणे आपल्या व्यापारी जगात कमी नाहीत. त्या काळी कंपन्या मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीने चालत. म्हणजे भागधारकांची कंपनी एक आणि तिचा कारभार कराराने पाहणारी पेढी दुसरी. (ही पद्धत 1970 मध्ये कायद्याने संपुष्टात आली.) सिंधियाची एजन्सी नरोत्तम मोरारजी आणि कंपनी या नावाने होती. वालचंदांनी ते नाव तसेच ठेवले आणि नरोत्तमशेठांचे चिरंजीव शांतिकुमार यांना बरोबर घेऊन कारभार चालविला. शांतिकुमारांच्या पत्नी सुमतीबेन 1923 पासून एजन्सीच्या कामात लक्ष घालीत होत्या. स्त्रियांनी जहाजाच्या कचेरीत बसणे ही त्या काळी कल्पनेपलीकडची गोष्ट. पुढे याच सुमती मोरारजी सिंधियाच्या प्रमुख झाल्या आणि 1956 मध्ये भारतीय जहाजमालकांच्या संघटनेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. सत्ता आपल्या घरात राहावी यापेक्षा ती जाणत्या हातांत राहावी, हा विचार त्यांना सुलभ गेला असावा.

1923 च्या कराराची मुदत संपली तसे त्यांनी पुन्हा विस्ताराला हात घातला. 1935 मध्ये सर जोसेफ भोर यांच्या निवाड्याने किनारी व्यापाराची वाटणी झाली, तीत लहान भारतीय कंपन्यांनाही स्थान मिळाले. कोकणच्या बंदरांवर फेऱ्या करणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही पुढे सिंधियाच्या छत्राखाली आली.

समुद्रावर हा झगडा चालू असतानाच दुसरीकडे माळरानावर एक वेगळा प्रयोग आकार घेत होता. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या रावळगाव येथे 1923 च्या सुमारास त्यांनी खडकाळ, नापीक म्हणून टाकून दिलेली जमीन घेतली. खडक फोडून, माती आणून, पाणी खेळवून तेथे ऊस उभा केला आणि 1933 मध्ये साखर कारखाना सुरू झाला. त्यापुढे 1942 मध्ये गोळ्या-चॉकलेटचा कारखाना आला. रावळगावची गोळी न खाल्लेला मराठी माणूस विरळाच! इंदापूर तालुक्यातील कळंबचा प्रयोग याहून निराळा. मार्सलँड प्राइस ही 1908 साली निघालेली, बांधकाम क्षेत्रातील इंग्रजी कंपनी त्यांच्या ताब्यात आली होती. बांधकामाच्या धंद्यात समूहाची दुसरी कंपनी असताना एकाच कामासाठी दोन तंबू ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मार्सलँडचे रूपच पालटले : नीरा कालव्याच्या पाण्यावर ऊसशेती, साखर कारखाना आणि त्याच्या दुरुस्तीसाठी उभारलेली कर्मशाळा. या कर्मशाळेतून पुढे साखरेची यंत्रे तयार होऊ लागली. माळावरच्या त्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले आणि कंपनी वालचंदनगर इंडस्ट्रीज झाली. एक कंपनी मूळ धंदा सोडून तिसऱ्याच धंद्यात जाते आणि तेथे नावारूपास येते, याचे इतके ठळक उदाहरण त्या काळात दुसरे सापडणे कठीण.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा वालचंद साठीच्या जवळ पोहोचले होते. 1932-33 मध्ये भारतीय व्यापारी महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. 1927 मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली होती. निवृत्तीचे वय झाले असता त्यांनी एकाच वेळी तीन अवाढव्य कामे अंगावर घेतली. 1939 मध्ये अमेरिकेच्या प्रवासात विमान उद्योगातील विल्यम पॉली यांची त्यांच्याशी भेट झाली. भारतात विमाने बांधण्याचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारपुढे ठेवला गेला, अनेक महिने घुटमळला, आणि युद्धाची निकड वाढल्यावर मान्य झाला. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन व भांडवल देऊ केले. दिनांक 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. 1941 मध्ये भारत सरकार भागीदार झाले. त्याच वर्षी कारखान्यात जोडलेले पहिले विमान आकाशात गेले.

त्यानंतर पर्ल हार्बर झाले, सिंगापूर पडले, जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्या. युद्धाच्या ऐन गर्दीत विमानांचा कारखाना खाजगी हाती असू नये, असे सरकारने ठरविले, आणि एप्रिल 1942 मध्ये वालचंदांचे भाग विकत घेतले. मोबदला चांगला मिळाला. परंतु दीड वर्षापूर्वी ज्या माळावर त्यांनी स्वतः उभे राहून कारखाना उभारला, तेथे आता त्यांना स्थान उरले नाही. याच महिन्यात विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. तेथे जून 1941 मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सिंधियाच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली होती. कोलकात्यात जागा मिळविण्याचे प्रयत्न असफल झाल्यावर हे स्थळ निवडले होते. आता यंत्रसामग्री मुंबईस हलवावी लागली, काम थंडावले.

एका महिन्यात असे दोन आघात झाल्यावर दुसरा कोणी खचला असता. वालचंदांनी विमानाची बाजू मिटलेली मानली आणि जहाजबांधणीची सोडली नाही. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. जे हातातून गेले त्यासाठी त्यांनी झगडा केला नाही, जे राहिले होते त्यासाठी सहा वर्षे वाट पाहिली. दिनांक 14 मार्च 1948 रोजी विशाखापट्टणमला बांधलेले ‘जलउषा’ हे आठ हजार टनी जहाज पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात उतरले. मोटारीचे स्वप्नही असेच रखडत पुरे झाले. सरकारने युद्धकाळात मोटारीच्या यंत्रांना प्राधान्य नाकारले, तेव्हा 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स नोंदवून ठेवली, क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि युद्ध संपताच कुर्ला येथे कारखाना उभा केला. 1947 पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्यांच्या कार्यपद्धतीत उणीव नव्हती असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. एक कारखाना स्थिरावण्यापूर्वी दुसऱ्याची कोनशिला बसविण्याची त्यांना घाई असे. समूहातील कंपन्यांवर त्यामुळे भांडवलाचा ताण सतत राही. त्यांचे सावत्र बंधू गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद यांनी मागे राहून बांधकाम, पाइप, साखर हे धंदे सांभाळले नसते, तर वालचंदांच्या कल्पनाशक्तीला एवढी मोकळीक मिळाली नसती. रतनचंद यांचे ह्यूम पाइपमधील व लालचंद यांचे इतर कंपन्यांतील कार्य यासाठी स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे आहे.

1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. 1950 मध्ये त्यांनी सिंधियाचे अध्यक्षपद सोडले आणि समूहाच्या कारभारातून निवृत्ती पत्करली. ज्यांच्या कंपन्या एका व्यक्तीच्या धडाडीवर चालतात, त्यांची निवृत्ती बहुधा मृत्यूच करतो. वालचंदांनी हयातीतच सूत्रे सोडली, याचा पुढील पिढ्यांना उपयोग झाला. जहाजबांधणीचा व्याप एका खाजगी कंपनीच्या आवाक्याबाहेर गेला आहे, हे उघड होताच 21 जानेवारी 1952 रोजी हिंदुस्थान शिपयार्ड ही कंपनी निर्माण होऊन दोन-तृतीयांश मालकी सरकारकडे गेली. अखेरच्या काळात त्यांची शुश्रूषा पत्नी कस्तुरबाई यांनी केली. दिनांक 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाला नुकतीच चौतीस वर्षे पूर्ण झाली होती.

त्यांच्या नावाचे महाविद्यालय सोलापुरात आहे. सांगलीचे 1947 साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय 1955 पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. 2004 मध्ये डाक विभागाने त्यांचे तिकीट काढले. कंपन्यांचे दैव मात्र सारखे राहिले नाही. सिंधियाचा ध्वज समुद्रावरून नाहीसा झाला, कुर्ल्याची मोटार बंद पडली, रावळगावच्या गोळीचे नाव 2024 मध्ये रिलायन्स समूहाने 27 कोटी रुपयांना घेतले. बंगळूरचा विमान कारखाना आज देशाच्या सर्वांत मोठ्या संरक्षण उद्योगांपैकी एक असून, वालचंदनगरची कर्मशाळा साखरेच्या यंत्रांवरून अवकाश व अणुऊर्जा कार्यक्रमांच्या यंत्रसामग्रीपर्यंत पोहोचली आहे.